इडानं पिस्तूल का घेतलं?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. लायब्ररी बंद झालीय आणि तुम्ही हॉस्टेलकडे निघालाय. मधला दोनशे पावलांचा रस्ता अंधारा आहे, कारण तिथला दिवा गेल्या महिन्यापासून बंद आहे. मागून पावलांचा आवाज येतो. तुम्ही वळून बघत नाही, पण चालण्याचा वेग वाढवता. मोबाइलवर मैत्रिणीला लोकेशन पाठवलेलं असतं. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात स्प्रेची बाटली असते, तिच्यावर हात जातो. मुलींना हे वेगळं सांगायला नको. आणि मुलांनो, चारजण अंगावर धावून आले तर काय, हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी पडला असेलच.

अशा वेळी हातात काय असावं? आज आपण हे बोलतो ते स्प्रे, शिट्टी आणि कराटेच्या भाषेत. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, अमेरिकेतल्या मेम्फिस नावाच्या शहरात एका तरुणीला हाच प्रश्न पडला. तिचं वय होतं २९. ती शिक्षिका होती, नंतर पत्रकार झाली आणि वर्णानं काळी होती. तिनं उत्तर म्हणून एक पिस्तूल विकत घेतलं.

तिचं नाव इडा बी. वेल्स. ती पुढे काय झाली हे सांगण्याआधी ते पिस्तूल तिच्याकडे कसं आलं, ते बघू. कारण ते तिनं हौस म्हणून घेतलं नव्हतं आणि कुणाला धाक दाखवायलाही नाही.

सोळाव्या वर्षी घर अंगावर

इडाचा जन्म १६ जुलै १८६२ चा. गाव होली स्प्रिंग्ज, राज्य मिसिसिपी. जन्मली तेव्हा ती गुलाम होती. म्हणजे तिची आई गुलाम, म्हणून पोटची पोरही गुलाम, असा तिथला कायदा. ती अजून लहान असतानाच यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी गेली. वडील सुतारकाम करायचे, आई उत्तम स्वयंपाकीण होती. दोघांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, पोरांनी शिकायचं. आई तर स्वतः लिहायला-वाचायला शिकण्यासाठी मुलांबरोबर शाळेत जाऊन बसायची.

१८७८ साली त्या भागात पीतज्वराची साथ आली. इडा तेव्हा आजीकडे गेलेली. आई, वडील आणि सगळ्यात धाकटा भाऊ, तिघंही साथीत गेले. पॅसेंजर गाड्या बंद होत्या, म्हणून ती मालगाडीनं घरी निघाली. जाऊ नकोस, असं लोक सांगत होते. ती गेली. घरी पोचल्यावर वडिलांचे स्नेही मंडळी बसून ठरवत होती, की उरलेल्या भावंडांपैकी कुणी कुणाला सांभाळायचं. सोळा वर्षांच्या इडानं सांगितलं की भावंडं वाटली जाणार नाहीत, मी सांभाळते. वय वाढवून सांगितलं आणि शिक्षिकेची नोकरी धरली. पगार महिना २५ डॉलर. शाळा सहा मैलांवर. आठवडाभर तिथं राहायचं, शुक्रवारी खेचरावर बसून घरी यायचं, शनिवार-रविवारी धुणं, इस्त्री, स्वयंपाक, आणि पुन्हा परत.

हे मुद्दाम सांगतोय. पुढे तिच्या धाडसाच्या गोष्टी ऐकल्या की वाटतं, ही बाई जन्मतःच निडर असणार. तसं काही नव्हतं. तिला जबाबदारीची सवय फार लवकर लागली, एवढंच.

पहिली झटापट

काही वर्षांनी ती मेम्फिसला आली. १८८० च्या दशकातला प्रसंग. तिनं रेल्वेचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं आणि महिलांच्या डब्यात बसली. कंडक्टरनं तिला उठून दुसऱ्या डब्यात जायला सांगितलं. तिनं नकार दिला. त्यानं दंड धरून ओढलं, तेव्हा ती त्याच्या हाताला कडकडून चावली. मग तीन पुरुषांनी मिळून तिला खाली उतरवलं. डब्यातल्या गोऱ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं रेल्वे कंपनीवर खटला भरला. १८८४ मध्ये ती जिंकली, ५०० डॉलरची भरपाई मंजूर झाली. कंपनी अपिलात गेली आणि १८८७ मध्ये टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल उलटा फिरवला. वर खटल्याचा खर्चही तिच्याच गळ्यात मारला. कायद्यावर तिचा केवढा विश्वास होता! तो इथं पहिल्यांदा तडकला.

या काळात ती लिहायला लागली होती. १८८९ मध्ये ती ‘फ्री स्पीच’ या मेम्फिसच्या छोट्या वृत्तपत्राची भागीदार झाली. काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था छापली म्हणून १८९१ मध्ये शिक्षिकेची नोकरी गेली. मग तिनं पूर्ण वेळ पेपरच बघायला घेतला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही आपला अंक कोणता हे ओळखता यावं, म्हणून पेपर गुलाबी कागदावर छापला जायचा. असा पेपर घेऊन गिऱ्हाईक घरी जायचं आणि कुणीतरी शिकलेला तो सगळ्यांना वाचून दाखवायचा.

गोट्यांचा खेळ आणि तीन खून

आता येऊ त्या पिस्तुलाकडे.

मेम्फिसच्या वेशीवर ‘कर्व्ह’ नावाची वस्ती होती. ट्राम तिथं वळायची म्हणून हे नाव. तिथं एका गोऱ्या माणसाचं किराणा दुकान होतं, दुसरं कुणाचं नाही. मग टॉमस मॉस नावाच्या पोस्टमननं काही मित्रांना घेऊन ‘पीपल्स ग्रोसरी’ हे दुकान काढलं. दिवसा तो पत्रं वाटायचा, रात्री दुकान बघायचा. इडाची त्याच्या घराशी इतकी जवळीक की त्याच्या मुलीची धर्ममाता तीच. दुकान चाललं. जुन्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं आणि त्याच्या डोक्यात राख गेली.

मार्च १८९२. वस्तीतली गोरी आणि काळी पोरं गोट्या खेळत होती. भांडण झालं, मोठी माणसं मध्ये पडली, हाणामारी झाली. त्याचं निमित्त करून वॉरंट निघाली. शनिवारी रात्री दुकानावर हल्ला होणार अशी बातमी पसरली. मॉस आणि मित्रांनी वकील गाठला. वकिलानं सांगितलं की दुकान शहराच्या हद्दीबाहेर आहे, पोलीस येणार नाहीत, तुमचं रक्षण तुम्हालाच करावं लागेल. म्हणून त्यांनी बंदुका घेतलेली माणसं दुकानात बसवली.

५ मार्चच्या रात्री मागच्या दारानं हत्यारबंद माणसं आत घुसली. आतून गोळ्या सुटल्या. तीन घुसखोर जखमी झाले. नंतर कळलं की साध्या वेशातले ते शेरीफचे डेप्युटी होते. बस्स. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत दुकान म्हणजे गुंडांचा अड्डा ठरला. वस्तीत घराघरांतून धरपकड झाली. मॉस, कॅल्विन मॅकडोवेल आणि विल स्ट्यूअर्ट तिघं तुरुंगात गेले.

दोन रात्री काळ्या स्वयंसेवकांच्या एका तुकडीनं तुरुंगाबाहेर पहारा दिला. मग बातमी आली की जखमी डेप्युटी वाचणार आहेत. आता धोका टळला असं वाटून पहारा उठला. त्याच रात्री, ९ मार्चला पहाटेच्या अंधारात, जमाव तुरुंगात शिरला. तिघांना बाहेर काढून, रेल्वे यार्डाच्या बाजूला नेऊन गोळ्या घातल्या. सकाळच्या पेपरात त्याचं इतकं बारीक वर्णन होतं, जणू बातमीदार शेजारी उभा होता. त्याच बातमीनुसार मरण्याआधी मॉसनं आपल्या लोकांना निरोप ठेवला होता, की इथं न्याय नाही, पश्चिमेला निघून जा.

कुणालाही शिक्षा झाली नाही. उलट न्यायाधीशाच्या हुकमानं त्या काळ्या तुकडीच्या बंदुका काढून घेतल्या गेल्या.

इडा त्या दिवसांत बाहेरगावी होती. परतली तेव्हा मित्राला पुरलेलं होतं. तिनं सगळ्यात आधी केलेल्या कामांपैकी एक म्हणजे पिस्तूल विकत घेतलं. आपल्यावर भ्याड हल्ला होणार हे तिनं गृहीत धरलं होतं. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरासारखं मरायचं नाही, मरायचंच तर सामना करून, असा तिचा हिशेब होता.

छोट्या पिस्तुलाचा हिशेब

त्या काळी स्वसंरक्षणाचं हत्यार म्हणजे छोटं रिव्हॉल्व्हर. अमेरिकेत त्याचा बाजार जोरात होता. नळी आखूड, पाच काडतुसं, खिशात किंवा हातातल्या पिशवीत मावेल असा आकार. पण लहानपणाची किंमत मोजावी लागायची. नळी आखूड म्हणून लांबचा नेम धरवत नाही, समोरचा काही पावलांवर आल्याशिवाय उपयोग नाही. खिशातून काढताना मागचा घोडा कापडात अडकायचा. म्हणून स्मिथ अँड वेसन कंपनीनं १८८७ मध्ये घोडा आतच झाकलेलं मॉडेल काढलं. त्याच्या मुठीला मागून एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप ओढला जायचा नाही, म्हणजे चुकून गोळी सुटू नये. थोडक्यात, हे हत्यार एकाच क्षणासाठी घडवलेलं होतं. माणूस अंगावर आलाय, पळायला जागा नाही, तो क्षण.

आणि गंमत बघा. टेनेसीच्या १८७९ च्या कायद्यानं हीच छोटी, खिशात मावणारी पिस्तुलं बाळगायला बंदी होती. चालायची ती फक्त लष्कर-आरमाराची मोठी, महागडी पिस्तुलं आणि तीही उघडपणे हातात धरून. कायद्यात काळा-गोरा असा शब्द नव्हता. पण युद्धातून आलेल्या गोऱ्यांच्या घरी मोठी पिस्तुलं होतीच. स्वस्त आणि छोटं हत्यार कुणाला लागत होतं, ते सगळ्यांना कळत होतं.

आपल्याला हे नवीन नाही. १८७८ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनांना सूट. हत्यार कुणाच्या हाती असावं, हा प्रश्न हत्याराचा कमी आणि आपण कुणाला माणूस समजतो याचा जास्त असतो.

आता तुम्ही इडाच्या जागी बसून विचार करा. मॉसकडे बंदुका नव्हत्या का? होत्या. वकिलाचा सल्लाही होता. माणसंही होती. गोळ्या नेमक्या लागल्याही. आणि त्याच गोळ्या त्याच्या खुनाचं निमित्त झाल्या. शिवाय त्याला मारलं तेव्हा तो सरकारच्या कोठडीत, निःशस्त्र होता. त्याला वाचवू शकलं असतं ते फक्त एकच, कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती त्यानं ती न देणं.

इडाला हे समजत होतं. तरी तिनं पिस्तूल घेतलं आणि त्याबद्दल तिला कधी संकोच वाटला नाही. पुढे तिनं उघड लिहिलं, की कायदा जिथं संरक्षण देत नाही तिथं प्रत्येक काळ्या कुटुंबानं घरात रायफल ठेवावी. त्याच वर्षी फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलला आणि केंटकीतल्या पडुकाला लोक हत्यारांनिशी उभे राहिले म्हणून लिंचिंग टळलं, हे उदाहरण तिनं दिलं. तिला साधुसंत बनवायची घाई नको. पण पिस्तूल घेऊन ती दाराआड बसून राहिली नाही, हे महत्त्वाचं.

ट्राम रिकाम्या धावू लागल्या

तिनं आधी लोकांना सांगितलं, मॉसचा निरोप ऐका, हे शहर सोडा. ओक्लाहोमात नवी जमीन खुली होत होती. हजारो लोक निघाले. गोऱ्यांच्या पेपरांनी छापलं की तिकडे उपासमार आहे. इडा स्वतः ओक्लाहोमाला गेली, तिथली परिस्थिती बघितली आणि आपल्या पेपरात लिहिली.

जे मागे राहिले त्यांना ती म्हणाली, ट्राममध्ये बसू नका. चर्चमध्ये जाऊन तिनं हे सांगितलं. लोक पायी जाऊ लागले. सहा आठवड्यांनी ट्राम कंपनीचे दोन अधिकारी तिच्या कचेरीत आले. त्यांना वाटत होतं, ट्राम नुकत्याच विजेवर चालू लागल्यात, त्या विजेला काळे लोक घाबरत असावेत. तुमच्या पेपरातून त्यांची भीती घालवा, अशी विनंती होती. इडानं त्यांना तारखा मोजून दाखवल्या. वीज येऊन सहा महिने झालेत, गिऱ्हाईक जाऊन सहा आठवडे. सहा आठवड्यांपूर्वी काय झालं ते आठवा. मग तिनं ही सगळी मुलाखत पेपरात छापली.

तारखा मोजणं हे तिचं खरं कसब. तोपर्यंत तिचीही समजूत होती की लिंचिंग वाईट असलं तरी ज्यांना मारतात त्यांनी काहीतरी घोर गुन्हा, बहुतेक बलात्कार, केलेला असणार. मॉसनं तर किराणा दुकान काढण्याचा गुन्हा केला होता. मग बाकीच्यांचं काय? तिनं एकेक प्रकरण उकरायला सुरुवात केली. घटना घडली तिथं जायचं, लोकांशी बोलायचं, गोऱ्यांच्याच पेपरांतल्या बातम्या जुळवायच्या. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या आकड्यांवरून तिनं दाखवलं की आठ वर्षांत मारल्या गेलेल्या ७२८ काळ्या लोकांपैकी बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा एक तृतीयांश लोकांवरच होता. बाकीचे मेले ते भांडणावरून, उद्धटपणाच्या ठपक्यावरून, नाहीतर धंद्यातल्या हेव्यादाव्यावरून.

न परतण्याचा निर्णय

२१ मे १८९२ च्या अंकात तिनं या आरोपांबद्दलचा संशय रोखठोक लिहिला आणि कामानिमित्त फिलाडेल्फियाला, तिथून न्यूयॉर्कला निघाली. मेम्फिसच्या गोऱ्या पेपरांचा भडका उडाला. लिहिणारा पुरुष आहे असं समजून त्याला खांबाला बांधण्याच्या, डागण्या देण्याच्या धमक्या छापून आल्या. २७ मे रोजी जमावानं तिच्या कचेरीत घुसून छपाईचं सगळं सामान नष्ट केलं. तिचा भागीदार जीव घेऊन पळाला. ती न्यूयॉर्कच्या बाजूला गाडीतून उतरली तेव्हा स्वागताला आलेल्या संपादक मित्राच्या हातात ही बातमी होती.

मेम्फिसहून तारा आल्या. परत येऊ नकोस, स्टेशनवर माणसं टपून बसलीयत. दुसराही निरोप आला, तू आलीस तर तुझ्या रक्षणासाठी आपले लोक हत्यारं घेऊन सज्ज आहेत.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

तिच्याकडे पिस्तूल होतं. लढून मरायची मनाची तयारी होती. तिच्यासाठी जीव द्यायला तयार असलेले लोकही होते. सिनेमा असता तर पुढच्या सीनमध्ये ती मेम्फिस स्टेशनवर उतरली असती. पण इडानं मॉसच्या दुकानाचं गणित पाहिलं होतं. आपण परतलो तर गोळीबार होईल, त्यात आपले लोक मरतील, त्यांच्या बायका विधवा होतील, पोरं उघड्यावर येतील आणि शेवटी गुन्हेगारही तेच ठरतील. ती परतली नाही. घर, पेपर, मित्रमंडळी, कमावलेलं सगळं तिथंच राहिलं. दक्षिणेत पाऊल ठेवायला तिला तीस वर्षं लागली.

याला पळ काढणं म्हणायचं का? ठरवा तुम्हीच. पण पुढच्या वाक्यापर्यंत थांबा. महिन्याभराच्या आत, २५ जून १८९२ रोजी, ‘न्यूयॉर्क एज’ या पेपराच्या पहिल्या पानावर तिचा सात कॉलमांचा लेख आला. नावं, तारखा, गावं सगळं देऊन. अंकाच्या दहा हजार प्रती छापल्या गेल्या. मेम्फिसमध्ये राहिली असती तर तिला गप्प करता आलं असतं. आता येईना.

सोन्याचं पेन

५ ऑक्टोबर १८९२ ला न्यूयॉर्कच्या लिरिक हॉलमध्ये काळ्या स्त्रियांनी तिच्यासाठी मोठी सभा घेतली. भाषण वाचताना तिला मॉसची, सुटलेल्या घराची आठवण आली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आपण सगळ्यांसमोर रडलो याची तिला लाज वाटली. ऐकणाऱ्यांना मात्र ते अश्रू पटले. ५०० डॉलर जमले. रेल्वेच्या खटल्यात मिळून हुकले होते तेवढेच. त्या पैशातून लिंचिंगवरची तिची पहिली पुस्तिका निघाली. त्या बायकांनी तिला आणखी एक भेट दिली, पेनाच्या आकाराचा सोन्याचा ब्रोच. पुढे कित्येक सभांना ती तो लावून जायची.

१८९३ आणि १८९४ मध्ये ती इंग्लंड-स्कॉटलंडला गेली. बोलावणाऱ्यांत होत्या कॅथरीन इंपी. त्या काढत असलेल्या मासिकाचं नावच ‘अँटी-कास्ट’. म्हणजे जातीविरोधी! आपल्याकडच्या जातींसाठी रूढ असलेला शब्द तिकडे वर्णभेदासाठी वापरला जात होता. इडाच्या दौऱ्यानंतर लंडनला लिंचिंगविरोधी समिती उभी राहिली. तिच्या सदस्यांत मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे एकेकाळचे प्राध्यापक आणि तेव्हाचे ब्रिटिश खासदार दादाभाई नौरोजीही होते. इंग्लंडातच का, असं तुम्ही विचाराल. कारण मेम्फिसचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा. गिऱ्हाइकासमोर अब्रू गेली की व्यापाऱ्याला कळतं, हे ती ट्रामच्या वेळी शिकली होती.

मधल्या काळात, १८९३ मध्ये, शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ते वर्ष आणि ते शहर पाठ आहे. त्याच प्रदर्शनात, हैतीच्या दालनात, इडा काळ्या अमेरिकनांना प्रदर्शनातून का वगळलं हे सांगणारी पुस्तिका वाटत होती. १८९५ मध्ये तिनं ‘द रेड रेकॉर्ड’ लिहिलं. त्यात एकट्या १८९२ सालात झुंडीनं मारलेल्या २४१ जणांचा हिशेब आहे. त्यांतले १६० कृष्णवर्णीय. त्याच वर्षी तिनं शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी लग्न केलं आणि नवऱ्याचं आडनाव लावताना स्वतःचं सोडलं नाही. चार मुलं झाली. तान्हं बाळ कडेवर घेऊन ती भाषणांना जायची.

किल्ली ज्याच्या हातात

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग. १९०९, गाव इलिनॉय राज्यातलं केरो. जमावानं एका काळ्या कैद्याला शेरीफच्या ताब्यातून ओढून नेऊन मारलं. राज्यात १९०५ चा कायदा होता, की कैदी असा जमावाच्या हाती गेला तर शेरीफची खुर्ची जाते. खुर्ची गेलीही. पण आपल्याला परत घ्यावं म्हणून शेरीफनं गव्हर्नरकडे अर्ज केला.

नवऱ्यानं सांगितलं, तू जा. इडा कंटाळली होती. दर वेळी मीच का, असं तिला वाटलं. तेरा वर्षांच्या थोरल्या मुलानं तिला समजावलं, तेव्हा ती निघाली. केरोत फिरून तिनं माहिती गोळा केली, सह्या घेतल्या आणि गव्हर्नरसमोर शेरीफच्या बड्या वकिलांविरुद्ध एकटी उभी राहिली. तिनं दाखवून दिलं की शेरीफनं कैद्याच्या रक्षणासाठी धड प्रयत्नच केला नव्हता. गव्हर्नरनं शेरीफला परत घेतलं नाही.

१८९२ मध्ये मेम्फिसच्या तुरुंगाची किल्ली ज्यांच्या हाती होती त्यांचं काही बिघडलं नव्हतं. सतरा वर्षांनी दुसऱ्या एका गावात, किल्ली सांभाळता आली नाही म्हणून एकाची नोकरी गेली आणि ती परत मिळू न देणारी बाई तीच होती. टॉमस मॉस परत येणार नव्हता. पण इलिनॉयमधल्या प्रत्येक शेरीफला कळलं, की पुढच्या वेळी दार उघडं सोडणं आपल्याला महागात पडेल.

पुढेही ती थांबली नाही. मतदानाच्या हक्कासाठी १९१३ मध्ये शिकागोत काळ्या स्त्रियांचा क्लब काढला. १९२२ मध्ये, तीस वर्षांनी, दक्षिणेत गेली ती अर्कान्सासच्या तुरुंगात. तिथल्या बारा शेतमजुरांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यांच्या बायका-आयांच्या घोळक्यात नातेवाईक म्हणून मिसळून तिनं त्यांच्या हकिकती लिहून आणल्या. ते बाराही जण शेवटी सुटले.

२५ मार्च १९३१ ला, वयाच्या ६८ व्या वर्षी, ती शिकागोत वारली. आत्मचरित्र एका वाक्याच्या मध्येच थांबलेलं होतं. मुलीनं ते १९७० मध्ये प्रकाशित केलं. पत्रकारितेसाठी पुलित्झरचा विशेष सन्मान तिला २०२० मध्ये, मरणोत्तर मिळाला. आणि लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारा अमेरिकेचा कायदा? तो झाला मार्च २०२२ मध्ये. मॉसच्या खुनाला तेव्हा बरोबर १३० वर्षं झाली होती.

आणि आपण?

इडाच्या आठवणींत पिस्तूल विकत घेतल्याचं वाचायला मिळतं, चालवल्याचं नाही. ते तिच्याजवळ होतं, कारण शेवटच्या क्षणी असहाय व्हायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. पण तो शेवटचा क्षण कुणामुळे येतो, हे शोधण्यात तिनं उरलेली एकोणचाळीस वर्षं घातली.

तुमच्या बॅगेतली स्प्रेची बाटली काढून टाका असं कुणी सांगणार नाही. ठेवा. हाताशी येईल अशी ठेवा. कराटे शिकायचं असेल तर जरूर शिका. फक्त उद्या सकाळी तेवढाच वेळ आणखी एका गोष्टीला द्या. तो बंद दिवा कुणाच्या अखत्यारीत येतो ते शोधा, तारीख घालून अर्ज द्या आणि पोच घ्या. कुणी त्रास दिला असेल तर जागा, वेळ, काय घडलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, ती शेवटची कधी भेटली, हे विचारा. विचारणारे चारजण असाल तर आणखी बरं.

रात्री परत त्याच रस्त्यानं जायचं आहे. दिवा लागलेला असला तर मागून येणारा कोण आहे, ते निदान दिसेल.